समुद्रकाठची उन्हाळी शाळा
(प्रोफेसर लुई अगासी ह्यांचे चरित्र)

विद्यार्थिमित्रांनो, वार्षिक परीक्षा संपून उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे आपण पुस्तके फळीवर ठेवून देतो, आणि बहुधा त्यांच्याबरोबर विद्याही तेथेच ठेवून देतो. शाळेस कुलूप लागले की शिकणे संपले, असा तुमचाच नव्हे, तर आम्हां शिक्षकांचाही समज असतो. परंतु जगात असा एक थोर अध्यापक होऊन गेला की, ज्याने आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, शरीर थकलेले असता, आपली उन्हाळ्याची सुट्टी एका उजाड बेटावर शिकविण्यात घालविली. आणि त्या एका उन्हाळ्यातून पुढे जीवशास्त्राच्या शिक्षणाची नवी वाट फुटली. त्याचे नाव लुई अगासी. त्याच्या चरित्रात अनुकरण करण्यासारखे पुष्कळ आहे, तसेच सावध होण्यासारखेही आहे. दोन्ही गोष्टी तुमच्यापुढे ठेवणे हे माझे कर्तव्य आहे असे मी समजतो.

स्वित्झर्लंड देशातील मोतिए नावाच्या लहानशा खेड्यात, ता. २८ मे १८०७ रोजी, एका प्रॉटेस्टंट पाळकाच्या घरी अगासी ह्यांचा जन्म झाला. त्यांच्या मातोश्रींची आधीची चार बालके देवाघरी गेली होती. त्यामुळे हा मुलगा आईच्या काळजाचा तुकडा होऊन राहिला. पाळकाच्या घरामागे झऱ्याच्या पाण्याने भरणारे एक दगडी टाके होते. लुईने जवळच्या सरोवरातून मासे धरून आणावे, त्या टाक्यात सोडावे, आणि तासन्‌तास काठावर बसून त्यांच्याकडे पाहत राहावे. घरात पक्षी, ससे, उंदीर अशी प्राण्यांची नुसती दाटी झाली होती. दुसरी एखादी आई कंटाळून गेली असती. परंतु ह्या माउलीने मुलाचा छंद मोडला नाही. त्या दगडी टाक्यातच एका मोठ्या शास्त्रज्ञाची पहिली पाठशाळा भरली होती, हे तिला ठाऊक नव्हते. पण मुलाचे डोळे उघडे आहेत एवढे मात्र तिने ओळखले होते.

दहाव्या वर्षापर्यंत घरी आईबापांपाशी शिकून लुई प्रथम ब्येन व नंतर लोझान येथील शाळांत गेला. मुलाने वैद्य व्हावे व सुखाने चार पैसे मिळवावे अशी घरच्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे झुरिक, हायडेलबर्ग व म्युनिक येथे त्याने वैद्यकाचे अध्ययन केले आणि इ. स. १८३० मध्ये वैद्यकाची पदवीही संपादन केली. तथापि मन सारे माशांत गुंतलेले होते. म्युनिक येथे त्याच्या बिऱ्हाडी सोबतचे विद्यार्थी संध्याकाळी जमत आणि आळीपाळीने एकमेकांस शिकवीत. त्या खोलीस सर्वजण कौतुकाने लहान विद्यापीठ म्हणत. विद्यार्थिदशेतच, इ. स. १८२९ मध्ये, त्याने ब्राझिल देशातील माशांवर ग्रंथ लिहिला. पुढे पॅरिस येथे गेल्यावर क्यूव्हिए ह्या जगप्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञाने ह्या तरुणाची योग्यता पाहून, स्वतः जमविलेली अश्मीभूत माशांची टिपणे व चित्रे त्याच्या स्वाधीन केली. जवळ पैसा नसल्यामुळे पॅरिस सोडून जाण्याची पाळी आली, तेव्हा हुंबोल्ट ह्या थोर प्रवासी पंडिताने आपण होऊन एक हजार फ्रँक पाठवून दिले. वडील पिढीने तरुण पिढीवर असा विश्वास टाकला म्हणजे विद्येचा वंश खुंटत नाही.

इ. स. १८३२ मध्ये अगासी न्यूशातेल येथे प्रोफेसर झाले. तेथे त्यांनी अश्मीभूत माशांवर पाच खंडांचा ग्रंथ इ. स. १८३३ ते १८४३ ह्या काळात प्रसिद्ध केला. त्यात प्राचीन माशांच्या सतराशेच्या आसपास जातींचे वर्णन आहे. परंतु सामान्य लोकांत त्यांचे नाव झाले ते हिमनद्यांमुळे. आल्प्स पर्वतापासून कितीतरी दूर असलेल्या मैदानांत व टेकड्यांवर आल्प्समधील खडकांच्या प्रचंड शिळा पडलेल्या दिसतात. त्या तेथे कशा आल्या? पुष्कळ पंडित म्हणत, महापुराने वाहून आणल्या. शार्पांतिए नावाचा एक स्विस विद्वान मात्र म्हणे की, एके काळी हिमनद्या तेथपर्यंत पसरल्या होत्या व त्यांनीच ह्या शिळा वाहून आणल्या. अगासी ह्यांस हे मत वेडगळ वाटे. इ. स. १८३६ च्या उन्हाळ्यात ते त्या विद्वानाकडे गेले ते त्याची चूक दाखवावी ह्याच हेतूने. परंतु त्याच्याबरोबर दऱ्याखोऱ्यांतून हिंडताना खडकांवरील ओरखडे व दगडगोट्यांच्या राशी त्यांनी स्वतः पाहिल्या. आणि खंडन करण्यास गेलेला मनुष्य त्या मताचा पुरस्कर्ता होऊन परतला. दुसऱ्याच वर्षी शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी प्रतिपादन केले की, फार प्राचीन काळी युरोपचा मोठा भाग बर्फाखाली होता. श्रोत्यांस ते रुचले नाही. तेव्हा अगासी ह्यांनी पुढील कित्येक उन्हाळे आर नदीच्या हिमप्रवाहावरच काढले. एका मोठ्या शिळेच्या आडोशास भिंत रचून तेथे ते सहकाऱ्यांसह राहत. एकदा तर बर्फातील एका खोल विवरात दोर बांधून त्यांनी स्वतःस शंभराहून अधिक फूट खाली सोडविले. आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

इ. स. १८४६ मध्ये बोस्टन येथील व्याख्यानमालेच्या निमंत्रणावरून अगासी अमेरिकेस गेले आणि तेथलेच होऊन राहिले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांस प्राध्यापकाची जागा मिळाली. पहिली पत्नी इ. स. १८४८ मध्ये युरोपातच निवर्तली. दोन वर्षांनी एलिझाबेथ केरी ह्या सुशील व सुविद्य बाईंशी त्यांचा विवाह झाला. ह्या बाईंनी केंब्रिज गावी आपल्या राहत्या घरी मुलींची शाळा आठ वर्षे चालविली, आणि पुढे वार्धक्यात स्त्रियांच्या रॅडक्लिफ कॉलेजच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पतीची व्याख्याने लिहून काढणे, त्यांचे ग्रंथ सिद्ध करणे हे काम त्यांनी जन्मभर केले. इ. स. १८५९ मध्ये अगासी ह्यांनी हार्वर्ड येथे प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय उभारले. फ्रान्सच्या बादशहाने पॅरिस येथील मानाची जागा देऊ केली असताही ती त्यांनी नाकारली. द्रव्य मिळविण्यास आपणांस सवडच नाही, असे ते म्हणत; आणि खरोखर, हाती आलेला पैसा संग्रहालयाच्या बरण्यांत व पेट्यांत जिरून जाई.

त्यांची शिकविण्याची तऱ्हा जगावेगळी होती. सॅम्युएल स्कडर नावाचा विद्यार्थी कीटकांचा अभ्यास करावा ह्या इच्छेने त्यांच्याकडे आला. प्रोफेसरसाहेबांनी बरणीतून मद्यार्कात बुडविलेला एक मासा काढून त्याच्यापुढे ठेवला, तो सुकू देऊ नकोस असे बजाविले, आणि आपण निघून गेले. दहा मिनिटांत स्कडरला वाटले, पाहण्यासारखे होते ते सारे पाहून झाले. गुरुजींचा पत्ता नाही. अर्धा तास गेला, तास गेला. भिंग वापरण्याची परवानगी नव्हती. त्याने मासा उलटा केला, सुलटा केला, त्याच्या तोंडात बोट घालून दातांची धार पाहिली, खवल्यांच्या रांगा मोजल्या. शेवटी कंटाळून तो माशाचे चित्र काढू लागला. तो काय आश्चर्य, आतापर्यंत न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या! गुरुजी परत आले, त्यांनी चित्र काढण्याबद्दल शाबासकी दिली. परंतु सर्वांत ठळक गोष्ट अद्यापि तुझ्या नजरेस आली नाही असे सांगून त्यास पुन्हा तेथेच बसविले. रात्री तो मासा मनात घेऊनच स्कडर घरी गेला. सकाळी त्याने विचारले की, माशाच्या दोन्ही बाजू सारख्या असून अवयव जोडीजोडीने आहेत, हेच तुमच्या मनात होते काय? गुरुजी हर्षभरित झाले. आता पुढे काय करू, असे विचारता उत्तर एकच: मासा पाहा! असे तीन दिवस चालले. आणि त्या जातीच्या व तिच्या जवळच्या जातींच्या माशांचा अभ्यास आठ महिने. पुढे कीटकशास्त्रात मोठे नाव मिळविलेला हा गृहस्थ म्हणे की, त्या माशाने जे शिकविले ते अमोल होते.

आता आपण त्या उन्हाळ्याकडे वळू. अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळा फार कडक असतो. विद्यापीठाचे वर्ग त्या दिवसांत भरतात. परंतु तेव्हा ओढे गोठलेले, झाडे निष्पर्ण, आणि समुद्रकाठचे पाणी हात बधिर करणारे. जीवसृष्टी खुलते ती जून ते ऑगस्ट ह्या महिन्यांत. आणि नेमकी तेव्हाच विद्यापीठास सुट्टी! परिणाम असा की, प्राणिशास्त्र शिकावयाचे ते वाळलेल्या नमुन्यांवरून व छापील चित्रांवरून. शाळामास्तरांची स्थिती तर त्याहून कठीण. त्यांस वर्षभर सवड नाही, आणि जे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिले नाही ते पुस्तकातून वाचून मुलांस सांगावयाचे. वनस्पतिशास्त्राचा उन्हाळी वर्ग हार्वर्ड येथे एसा ग्रे ह्या पंडितांनी इ. स. १८७१ मध्ये सुरू केला होता. अगासी ह्यांचे शिष्य व सहाध्यापक शेलर ह्यांनी अशी कल्पना काढली की, प्राणिशास्त्राचा वर्ग उन्हाळ्यात समुद्रकाठीच भरवावा, म्हणजे प्राणी वर्गात आणण्याऐवजी वर्गच प्राण्यांकडे जाईल. अगासी ह्यांनी ती कल्पना उचलून धरली.

ह्या वेळी त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. इ. स. १८६९ मध्ये मेंदूच्या विकाराने ते अंथरुणास खिळले होते. त्यातून उठून दक्षिण अमेरिकेस वळसा घालणारा दीर्घ सागरप्रवासही त्यांनी केला होता. शरीर विसावा मागत होते. परंतु इ. स. १८७३ च्या वसंतात राज्याच्या कायदेमंडळाचे सभासद संग्रहालय पाहावयास आले असता त्यांनी ह्या उन्हाळी शाळेविषयी कळकळीने भाषण केले. ते वर्तमानपत्रात छापून आले, आणि न्यूयॉर्कचे एक धनाढ्य तंबाखूचे व्यापारी जॉन अँडरसन ह्यांनी ते वाचले. बझर्ड्‌स नावाच्या उपसागरात पेनिकीज हे त्यांच्या मालकीचे बेट होते; उन्हाळ्यात ते तेथे राहत. ते बेट, त्यावरील इमारती आणि वर रोख पन्नास हजार डॉलर त्यांनी ह्या कामास देऊन टाकले. दुसऱ्या एका गृहस्थांनी समुद्रतळ खरवडून प्राणी वर काढण्यासाठी एक नौका दिली.

हे बेट शंभर एकरांहूनही लहान. झाडझाडोरा जवळजवळ नाही. खडक, गवत आणि चोहोंकडे समुद्र. शाळा मंगळवार ता. ८ जुलै रोजी सुरू व्हावयाची होती. तीन-चार दिवस आधी अगासी तेथे गेले, तो विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या इमारतीस जमीनदेखील घातलेली नाही! शनिवार संध्याकाळ झाली. मध्ये रविवार, म्हणजे विश्रांतीचा व उपासनेचा दिवस. त्या काळी त्या प्रदेशात रविवारी हत्यार हाती धरणे हे मोठे पाप समजत. अगासी ह्यांनी सुतारांस एकत्र बोलाविले. त्यांनी हुकूम सोडला नाही, की जादा मजुरीचे आमिष दाखविले नाही. ह्या कामात कोणाचाही पैशाचा लाभ नाही, ते केवळ शिक्षणासाठी आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. अडचण कोणती ती सांगितली. आणि अशा प्रसंगी उद्याचा दिवस विश्रांतीसाठी योग्य की कामासाठी, हे त्यांनाच ठरवावयास सांगितले. सर्व सुतारांनी कामासाठी असे एकमुखाने उत्तर दिले. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत त्यांनी काम केले, आणि रात्री फळ्यांची जमीन तयार झाली. सोमवारी आडभिंती उभ्या राहिल्या. मंगळवारी दुपारी आगबोट धक्क्यास लागली, तेव्हा शाळा उभी होती.

बोटीतून सुमारे पन्नास विद्यार्थी उतरले. बहुतेक सर्वजण शिक्षक होते. कोणी विशीतले तरुण, तर कोणाचे केस पिकलेले. त्यांत स्त्रियाही बऱ्याच होत्या, आणि त्यांस पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश होता. ज्या हार्वर्ड विद्यापीठात ह्या प्रोफेसरांनी पंचवीस वर्षे शिकविले, त्याची दारे त्या वेळी स्त्रियांस बंद होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या गोष्टीचे मोल कळते.

उद्घाटनासाठी सभागृह कोठले? जनावरांचा जुना गोठा झाडून, त्यास नवी जमीन घालून तयार केलेला. मोठी दारे सताड उघडी. बाहेर हिरवे गवत व पलीकडे निळा समुद्र. आढ्यास पाकोळ्यांची घरटी असून त्या निःशंकपणे डोक्यांवरून आत-बाहेर करीत होत्या. अगासी बोलावयास उठले आणि क्षणभर थांबले. आपल्या कार्यास देवाचे साह्य हवे असे त्यांस वाटत होते. परंतु ह्या निरनिराळ्या मतांच्या मंडळींच्या वतीने प्रार्थना करण्यास कोणास सांगावे हे त्यांस समजेना. तेव्हा कोणीही आपल्यासाठी प्रार्थना न करिता प्रत्येकाने स्वतःच मूकपणे करावी, अशी त्यांनी विनंती केली. टोपी काढून, मान लववून तो वृद्ध पुरुष उभा राहिला. सर्वत्र शांतता पसरली. फक्त पाकोळ्यांच्या पंखांचा व लाटांचा आवाज काय तो येत होता. हा प्रसंग पुढे व्हिटियर ह्या अमेरिकन कवीने काव्यात गायिला.

मग शिकविणे सुरू झाले. पाठ्यपुस्तक म्हणून काही नव्हते. पुस्तके वाचून सृष्टी कळत नाही, सृष्टी पाहून पुस्तके कळतात, हाच तेथला नियम होता. सकाळी व्याख्यान, त्यानंतर हाताने काम. नौकेतून समुद्रतळाचे प्राणी येत. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांतून तारामासे, खेकडे, शिंपले, समुद्रफुले गोळा करावयाची. ती जिवंत असताना काचपात्रात ठेवून पाहावयाची, चिरून आतील रचना तपासावयाची, आणि चित्र काढावयाचे. अगासी स्वतः फळ्यापुढे उभे राहून हातातील खडूने असे चित्र रेखाटीत की, प्राणी फळ्यावर जिवंत झाल्याचा भास होई. ते ह्या शिक्षकांस वारंवार सांगत की, तुम्हांस ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे मुलांपुढे निःसंकोच म्हणा, आणि मग मुलांबरोबर शोधू लागा. उन्हाळा संपला, सर्वजण आपापल्या शाळांकडे परतले. परंतु तारामासा आता त्यांच्यासाठी पानावरचे चित्र राहिला नव्हता.

गुरुजींची शक्ती मात्र संपत आली होती. परत येऊन त्यांनी हार्वर्ड येथील वर्ग सुरू केले. तथापि डिसेंबर महिन्यात दुखणे उलटले, आणि ता. १४ डिसेंबर १८७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. केंब्रिज येथील त्यांच्या थडग्यावर संगमरवरी पुतळा नाही. ज्या आर हिमप्रवाहावर त्यांनी तारुण्यातील उन्हाळे घालविले, तेथूनच आणलेली एक ओबडधोबड शिळा तेथे उभी आहे.

येथे हे चरित्र संपविले असते तर वाचावयास गोड लागले असते. परंतु ते पुरे सत्य झाले नसते. डोळ्यांनी पाहा असे जगास शिकविणाऱ्या ह्या पुरुषाने दोन ठिकाणी आपले डोळे मिटून घेतले.

पहिले ठिकाण शास्त्राचे. इ. स. १८५९ मध्ये डार्विन ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि एका जातीपासून दुसऱ्या जाती क्रमाक्रमाने उत्पन्न झाल्या हे मत त्यांनी विपुल पुराव्यानिशी मांडले. अगासी ह्यांचे मत असे की, प्रत्येक जात देवाने वेगवेगळी निर्माण केली असून ती बदलत नाही. ज्यांनी तरुणपणी, पुरावा दिसताच, हिमनद्यांविषयीचे आपले मत एका उन्हाळ्यात बदलले, ते ह्या प्रश्नावर मरेपर्यंत तसूभरही हलले नाहीत. हे केवळ धर्मनिष्ठेमुळे झाले असे म्हणता येत नाही. कारण उन्हाळी वर्ग काढणारे एसा ग्रे हे निष्ठावंत ख्रिस्ती असूनही डार्विन ह्यांचे अमेरिकेतील पहिले कैवारी होते.

दुसरे ठिकाण माणसांविषयीचे, आणि ते अधिक दुःखद आहे. मनुष्यजातीचे निरनिराळे वंश मुळापासूनच वेगळे उत्पन्न झाले असून काळ्या वर्णाचे लोक गोऱ्यांच्या खालचे होत, असे ते प्रतिपादन करीत. इ. स. १८५० मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्यात त्यांनी गुलामगिरीत असलेल्या स्त्रीपुरुषांस विवस्त्र उभे करवून त्यांची छायाचित्रे काढविली, ती हे मत सिद्ध करण्याच्या हेतूने. त्या माणसांस नाही म्हणण्याची मुभा नव्हती. सर्व मनुष्ये एकाच पित्याची लेकरे आहेत ही शिकवण पाळकाच्या घरी वाढलेल्या ह्या पुरुषाच्या कानी बाळपणापासून पडली असलीच पाहिजे. माशाकडे तीन दिवस पाहावयास लावणारा गुरू माणसाकडे मात्र नीट पाहू शकला नाही. जन्मावरून मनुष्याची पायरी ठरविण्याचे दुःख आपल्या देशास नवे नाही. म्हणून हा दोष झाकून ठेवणे आपणांस तर मुळीच शोभणार नाही.

परंतु खऱ्या विद्येचे सामर्थ्य असे की, ती गुरूच्या चुकीतूनही शिष्यास वर काढते. अगासी ह्यांच्या शिष्यांनी त्यांची आज्ञा अक्षरशः पाळली: त्यांनी स्वतः पाहिले, आणि पाहता पाहता त्यांतील बहुतेक सर्वजण गुरूच्या विरुद्ध मतास जाऊन मिळाले. पेनिकीज बेटावर आलेला बावीस वर्षांचा डेव्हिड जॉर्डन पुढे माशांचा नामांकित अभ्यासक व स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. जातींचा क्रमविकास त्याने मान्य केला. तेथेच शिकलेल्या ब्रुक्स ह्यांनी इ. स. १८७८ मध्ये चेसापीक उपसागरावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची उन्हाळी प्रयोगशाळा उघडली. जुन्या शिष्यांपैकी एडवर्ड मोर्स ह्यांनी इ. स. १८७७ मध्ये दूर जपानात एनोशिमा बेटावर समुद्रकाठची प्रयोगशाळा मांडली, आणि टोकियो विद्यापीठात डार्विन ह्यांच्या सिद्धांतावर व्याख्याने दिली. ज्या मताशी गुरू अखेरपर्यंत झगडला ते शिष्याने गुरूच्याच पद्धतीने दुसऱ्या खंडात नेले!

पेनिकीजची शाळा स्वतः मात्र अल्पायुषी ठरली. इ. स. १८७४ चा उन्हाळा अगासी ह्यांचे चिरंजीव अलेक्झांडर ह्यांनी कसाबसा पार पाडला. पुढे पैशाच्या अभावी ती बंद पडली. इमारती इ. स. १८९१ मध्ये जळून गेल्या. इ. स. १९०५ ते १९२१ ह्या काळात त्याच बेटावर महारोग्यांचे रुग्णालय होते. परंतु बी वाया गेले नव्हते. पेनिकीजपासून थोड्याच अंतरावर वुड्स होल येथे इ. स. १८८८ मध्ये सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा निघाली. तिचे पहिले संचालक चार्ल्स व्हिटमन हे पेनिकीजचेच विद्यार्थी. पहिल्याच उन्हाळ्यापासून तेथे काम करणाऱ्या कॉर्नेलिया क्लॅप ह्या बाईही इ. स. १८७४ च्या पेनिकीज वर्गातल्या. त्यांनी माउंट होल्योक ह्या स्त्रियांच्या विद्यालयात पिढ्यान्‌पिढ्या मुलींस प्राणिशास्त्र शिकविले. वुड्स होलची ती संस्था आजही चालू असून उन्हाळा आला की जगाच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी तेथे गोळा होतात.

दुसऱ्या दोषाचीही दुरुस्ती शाळेतच झाली. केंब्रिज गावी अगासी ह्यांच्या नावाची एक शाळा होती. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका इ. स. १८८९ पासून १९२२ पर्यंत मारिया बाल्डविन ह्या होत्या. आणि ह्या कर्तबगार बाई काळ्या वर्णाच्या होत्या. अगासी ह्यांच्या मताचे ह्याहून चोख खंडन कोणते? पुढे गावातील एका शाळकरी मुलाने अगासी ह्यांची ती मते वाचली, आणि शाळेचे नाव बदलावे अशी खटपट केली. इ. स. २००२ मध्ये शाळेस मारिया बाल्डविन ह्यांचे नाव देण्यात आले. त्या मुलाने जे केले ते शांतपणे विचार करता अगासी ह्यांच्याच सर्वोत्तम शिकवणीस धरून होते: त्याने ऐकीव मोठेपणावर विसंबून न राहता स्वतः पाहिले.

तर मित्रांनो, थोर पुरुषाचे चरित्र वाचताना त्याच्या पाया पडून मोकळे होऊ नका, आणि एक दोष दिसला म्हणून त्यास फेकूनही देऊ नका. स्कडरने मासा पाहिला तसा तो मनुष्य उलटसुलट करून पाहा. आमच्याविषयी, म्हणजे तुमच्या शिक्षकांविषयीही, हाच नियम लावा. तुम्ही आमच्या चुका ओळखण्याइतके नीट पाहावयास शिकलात, तर आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.

आणि पालकांस एक विनंती. ह्या सुट्टीत तुमच्या मुलाने विहिरीकाठचा बेडूक, कुंपणावरचा सरडा किंवा ओढ्यातील चार मासोळ्या पाहण्यात सकाळ घालविली, तर त्यास रिकामटेकडा म्हणून रागावू नका. मोतिए गावच्या त्या पाळकीणबाईंनी दगडी टाके रिकामे करविले नाही. तुमच्याही दारी एखादी बादली किंवा बरणी मुलासाठी राहू द्या. आणि सवड काढून त्याच्याशेजारी बसा व विचारा, काय दिसले? उत्तर आले की पुन्हा विचारा, आणखी काय दिसले?